आण्णांचं पासिंग

आमच्या घरात वर्षातून एकदा मीठ बंद व्हायचं.

कुणी आजारी नसायचं, श्रावण नसायचा. आण्णा संध्याकाळी ड्युटीवरून यायचे आणि बूट काढता काढता आईला सांगायचे, "मेडिकल आलं. उद्यापासनं आळणी." झालं. दुसऱ्या दिवसापासून भाजीत मीठ नाही, ठेचा नाही, सुकट नाही, आणि लोणच्याची बरणी शेजारच्या काकूंच्या घरी. इथे ठेवली तर यांचा हात जातो, असं आई म्हणायची. काकू बरणी घेताना हसून विचारायच्या, "आली का परीक्षा?"

आण्णा म्हणजे माझे वडील. बसचालक. शहराच्या बस चालवायचे, पण पगार ठेकेदाराचा. हा फरक किरकोळ वाटेल, तर तसा तो नाही. कायम नोकरीतल्या माणसाचं प्रेशर जास्त निघालं तर त्याला स्टिअरिंगवरून उठवून कुठेतरी टेबलावर बसवतात, अशी आण्णांची समजूत होती. ठेकेदाराकडे टेबलच नव्हतं. तिथे दोनच जागा, स्टिअरिंग किंवा घर. दरवर्षी ठेकेदाराचा डॉक्टर सगळ्या चालकांना तपासायचा. डोळे, कान, वजन आणि ब्लडप्रेशर. डोळ्यांचं कुणाला भय नव्हतं. भय होतं ते दंडाला गुंडाळायच्या त्या पट्ट्याचं.

म्हणून चालकांनी पथ्य काढलं होतं. कुणी पहिल्यांदा काढलं ते आण्णांनाही माहीत नव्हतं. मेडिकलच्या आधी तीन आठवडे सगळ्यांनी धरायचं. मीठ सोडायचं, तंबाखू सोडायची, चहा अर्धा करायचा, सकाळी चालायला जायचं, उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या चावायच्या. कुणी बिटाचा रस सांगायचा, कुणी दुधीचा. सांगितलं की सगळे प्यायचे. एखादं व्रत पाळावं तसं पाळायचे. आण्णा तर वर्षभराची रजा त्यासाठीच राखून ठेवायचे. त्या रजेत आम्ही कधी देवाला गेलो नाही, कधी कुणाच्या लग्नाला राहिलो नाही. त्या रजेत आण्णा झोपायचे.

आणि व्रत म्हटलं की उद्यापन आलं. मेडिकल झालं की तिथूनच थेट सगळी टोळी स्वारगेटजवळच्या एका टपरीवर मिसळ खायला जायची. लाल तर्री वरून, परत तर्री, फरसाण जास्त, सोबत तळलेल्या मिरच्या मिठात घोळवून. तीन आठवडे धरलेलं एका बैठकीत सुटायचं.

खरं सांगायचं तर लहानपणी मला ते तीन आठवडे दिवाळीसारखे वाटायचे. एरवीचे आण्णा म्हणजे खाकी शर्ट, लाल डोळे आणि "आवाज कमी करा रे" एवढंच. सिंहगड रोडच्या कोंडीत दिवसभर क्लच दाबून आलेल्या माणसाशी कोण काय बोलणार? पण पथ्यात ते वेगळेच व्हायचे. सकाळी मला घेऊन कालव्याच्या कडेने चालायचे. आमची धायरी तेव्हा निम्मी गाव होती, कालव्याकडे जाताना मोकळं रान लागायचं. त्यांचं बोट धरून मी चालायचे आणि ते बोलायचे. आख्ख्या वर्षात बोलत नसत तेवढं बोलायचे.

पासिंग म्हणजे काय ते मला तिथेच कळलं.

"गाडीचं पण असंच असतंय," आण्णा म्हणाले होते. "वर्षाला आरटीओत न्यायची. त्याच्या आधी दुसऱ्या गाडीचे चांगले टायर काढून हिला घालायचे. लाइटी नव्या, रंग नवा. साहेबानं बघितलं, शिक्का मारला, की टायर परत ज्याचे त्याला."

"आणि मग हिला?"

"हिला हिचेच. झिजलेले."

"मग गाडी चालते?"

"चालतीय की! पास झालेली गाडी हाय ती."

मी तेव्हा शाळेत होते. मला ते हुशारीचं वाटलं. आण्णांच्या तोंडून आलेलं सगळंच तेव्हा हुशारीचं वाटायचं.

कॉलेजात मी आरोग्यावर काम करणाऱ्या एका गटात गेले. आम्ही पाच-सहा पोरंपोरी. वस्त्यांत जायचं, बागांच्या दारात टेबल लावायचं, लोकांचं प्रेशर मोजायचं, पत्रकं वाटायची. लिहायला मी तिथेच शिकले. पत्रकाचं शिक्षण कडक असतं. वाक्य छोटं. शेवटी 'करा' नाहीतर 'टाळा'. 'कदाचित' हा शब्द चालत नाही. माझं पहिलं पत्रक मला अजून पाठ आहे. वरचा आकडा एकशेवीसच्या आत आणि खालचा ऐंशीच्या आत, तर उत्तम. वरचा एकशेचाळीस किंवा खालचा नव्वद, यातला एक जरी वेगवेगळ्या दिवशी मोजून पुन्हापुन्हा भरला, तर तो उच्च रक्तदाब, डॉक्टरांकडे जा. मधे असाल तर आत्ताच सावध व्हा. दिवसभराचं सगळं मिळून मीठ चहाचा एक चमचा, तेही सपाट. पापड, लोणचं, फरसाण, चटणी, पाव यांतलं मीठ त्यातच मोजा. सैंधव हेही मीठच. रोज अर्धा तास भरभर चाला. तंबाखू सोडा. झोप घ्या. गोळी दिली असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बागेच्या दारात आमच्याकडे कोण यायचं? जे आधीच चालून आलेले असायचे ते. पांढरे बूट, डोक्यावर टोपी. एक काका दर रविवारी यायचे, पट्टा गुंडाळून घ्यायचे आणि आकडा बघून म्हणायचे, "गेल्या आठवड्यापेक्षा दोनने जास्त आहे. आपलं यंत्र दुरुस्तीला द्या."

"काका, दोनने काही होत नाही. काही ताण आहे का?"

"मी निवृत्त आहे, बाई. ताण मी घेत नाही, सुनेला देतो."

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण मला ही माणसं मोजायची नव्हती. मला माझा बाप मोजायचा होता, आणि तो बागेत येणार नव्हता. त्या वेळेला तो पुलाखाली अडकलेल्या बसमध्ये, हॉर्नच्या गोंगाटात, खाकीच्या खिशातले खारे शेंगदाणे चघळत बसलेला असायचा. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी टाळायचं, झोप येऊ नये म्हणून तंबाखू, आणि वेळ जावा म्हणून शेंगदाणे. आई म्हणायची, "आवो, खिसा दोनदा खळबळला तरी खारट लागतोय. गाडी चालवता की शेंगदाण्याची पाटी?"

एका रविवारी मी गटाचं यंत्र घरी आणलं. मेडिकलला अजून पुष्कळ महिने होते. आण्णा जेवून भिंतीला टेकले होते. आम्ही लोकांना सांगतो तसं मी त्यांना सांगितलं. पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, हात उशीवर ठेवा, बोलू नका. त्यांनी ऐकलं, कारण त्यांना गंमत वाटत होती. यंत्र घरघरलं. एकशे बहात्तर, वर. खाली एकशे सहा.

मी परत मोजलं. तेवढंच. थोड्या वेळाने परत.

"आण्णा, हे खूप आहे."

"असंल की. मेडिकलला अवकाश हाय अजून."

"मेडिकलचा काय संबंध? हे आत्ताचं आहे. आत्ता तुमच्या डोक्यातल्या नसांवर एवढा दाब आहे."

"मला काय होतंय? डोकं दुखतंय का? चक्कर येतीय का? ठणठणीत हाय मी."

"याला दुखत नाही, आण्णा! दुखत नाही हीच तर भानगड आहे."

त्यांनी पट्टा सोडला, नीट गुंडाळून माझ्या हातात दिला. "पोरी," ते म्हणाले, "तुला वाटतं मला उतरवता येत नाय? दरवर्षी उतरवतो मी. गेल्या मेडिकलला एकशे छत्तीस होतं. तीन आठवड्यांत. बिनगोळीचं. तुझ्या पत्रकात लिहिलंय ना, मीठ सोडा, चाला, तंबाखू सोडा? मी करून दाखवलंय."

त्यांचं खरं होतं. ज्या गोष्टी करा म्हणून आम्ही गावभर ओरडत होतो त्या माझ्या बापाने करून दाखवल्या होत्या आणि त्यांचा उपयोगही झाला होता. मीठ कमी केलं की आकडा उतरतो. चाललं, झोपलं, तंबाखू सोडली की उतरतो. सगळ्यांचा सारखा उतरत नाही, सगळ्यांना तेवढ्यावर भागत नाही, पण उतरतो. आणि सोडून दिलं की महिन्याभरात मूळ जागेवर येतो. एवढी सोपी गोष्ट. पण आण्णांच्या लेखी तो आकडा शरीराचा नव्हताच. तो शिक्का होता. एकदा बसला की वर्षभर चालणारा.

"मग वर्षभर करा ना पथ्य."

"वर्षभर? रजा कोण देणार वर्षभर? तू?"

हे त्यांनी चिडून विचारलं नाही. सरळ विचारलं. मी घरातून बाहेर पडले आणि कालव्याकडे निघाले. आम्ही चालायचो ती वाट आता उरली नव्हती. रान गेलं होतं, तिथे इमारती होत्या, इमारतींच्या पुढे गाड्या लावलेल्या आणि गाड्यांच्या पुढे रस्ता. पत्रकात मी लिहिलं होतं, रोज अर्धा तास भरभर चाला. कुठे, ते लिहिलं नव्हतं.

गोळीचा विषय तर निघायचाच नाही. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आण्णांचा चेहरा बंद व्हायचा. कारण मेडिकलच्या वेळी विचारायचे, काही औषध चालू आहे का? हो म्हटलं की माणूस 'गोळीवाला' झाला, आणि गोळीवाल्याची गाडी काढून घेतात, असं सगळ्या चालकांत पक्कं झालेलं होतं. कुणाची काढली होती? विचारलं तर नाव कुणी सांगत नव्हतं. अमक्याच्या मेव्हण्याची, तमक्या रूटवरच्याची. पण भीतीला नाव लागत नाही.

मी ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. मला वाटलं होतं, हा नुसता गैरसमज असेल तर एका कागदात मिटेल. तिथे एक सुपरवायझर होते. मोठ्या अदबीने बोलले.

"बसा. काय म्हणता?"

"गोळी चालू असलेल्या चालकाला तुम्ही काढता का?"

"छे. तसा नियम नाही."

"मग तसं लेखी द्या. नोटीस लावा. गोळी घेणाऱ्याला काढणार नाही, एवढंच."

"अहो, नियमच नाही तर नोटीस कशाची लावू?"

"पण चालकांना वाटतं आहे ना."

"त्यांना काय वाटतं त्याची नोटीस आपण लावायची का?" ते हसले. "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. पायऱ्या उतरताना मला एवढा संताप आला होता की खाली उभ्या असलेल्या बसला लाथ घालावीशी वाटली. त्या माणसाने मला एकही खोटं वाक्य ऐकवलं नव्हतं. नियम नव्हता हे खरं. नोटीस नव्हती हेही खरं. आणि मधल्या त्या पोकळ जागेत शेकडो माणसं गोळी न घेता बस चालवत होती, आणि त्या बसमध्ये तुम्ही-आम्ही बसत होतो.

मग मी आणखी एक पत्रक लिहिलं. चालकांसाठी. 'गोळी घेणारा चालक सुरक्षित चालक.' मोठ्या अक्षरांत. आम्ही ते स्वारगेटला उभं राहून वाटलं. चालक घ्यायचे, वाचायचे, घडी घालायचे. एकाने ते परत माझ्या हातात दिलं.

"ताई, हे वर साहेबाला द्या. आम्हाला पाठ हाय."

"मग घेत का नाही गोळी?"

"तुमी घर चालवता का माझं?" तो म्हणाला, आणि मागून कंडक्टरने घंटी दिली म्हणून गेला. तो आण्णांना ओळखत असणार. संध्याकाळी आण्णा घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, "उद्यापासनं माझ्या रूटवर पत्रकं वाटू नको." मी वाटली नाहीत.

दरवर्षी पथ्य होत होतं. पण मी आता यंत्र घेऊन बसलेली होते, त्यामुळे मला दिसत होतं ते आईला दिसत नव्हतं. दरवर्षी आकडा खाली यायला जास्त दिवस लागत होते. तीन आठवड्यांचे चार झाले, चाराचे पाच. रजा पुरेना म्हणून आण्णा ड्युटी करून पथ्य करायला लागले. आळणी डबा, तंबाखू नाही, झोप नाही, आणि तीच कोंडी. पूर्वी पथ्यात मऊ होणारा माणूस आता पथ्यात अंगावर यायला लागला. शेवटच्या वर्षी महिनाभर मीठ सोडूनही वरचा आकडा एकशेसाठच्या खाली येत नव्हता. ते रोज संध्याकाळी स्वतःहून दंड पुढे करायचे. मी आकडा सांगायचे. ते पट्टा गुंडाळून द्यायचे.

"आण्णा, आता तरी डॉक्टरकडे चला. नुसत्या पथ्याचं काम राहिलेलं नाही हे. गोळी आणि पथ्य दोन्ही लागेल, रोज."

"मेडिकल होऊ दे."

"मेडिकलनंतर याल?"

"होऊ दे म्हणलं ना."

मेडिकलच्या दिवशी दुपारी ते घरी आले ते जिन्यातूनच ओरडत आले. "पास!" हातात जिलब्यांची पुडी. शर्टावर तर्रीचा डाग. आईने पुडी देवापुढे ठेवली. शेजारच्या काकू लोणच्याची बरणी परत घेऊन दारात उभ्या.

"किती?" मी विचारलं.

"एकशे अडतीस."

"कसं?"

आण्णा आईकडे बघून हसले, मग माझ्याकडे. एका दोस्ताच्या सासऱ्याला प्रेशरच्या गोळ्या होत्या. त्यातल्या काही त्या दोस्ताने आणून दिल्या होत्या. तीन दिवस घेतल्या. झालं काम.

"म्हणजे गोळीने उतरलं."

"उतरलं ना?"

"मग चालू ठेवा! डॉक्टरला दाखवून स्वतःच्या गोळ्या घ्या. तीन दिवसांत एवढा फरक पडला तर..."

"त्या त्याच्या सासऱ्याच्या हायेत. परत द्यायच्यात राहिलेल्या."

"आण्णा, हे उसने टायर आहेत!"

ते मोठ्याने हसले. इतक्या वर्षांपूर्वीचं ते बोलणं मला आठवतंय याचाच त्यांना आनंद झाला होता. "पासिंगला कोण इचारतंय टायर कुणाचे?" ते म्हणाले, आणि जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला. आई म्हणाली, "आता वर्षभर घोर नाही." त्या संध्याकाळी घरात पिठलं, भाकरी आणि ठेचा होता. आण्णा दोन भाकरी जास्त जेवले.

मेडिकलनंतर डॉक्टरकडे येतो असं ते स्पष्ट म्हणाले नव्हते. मी रोज विचारत राहिले. "अगं, पास झालोय," एवढंच उत्तर.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सुट्टीचा वार होता. सकाळी आण्णा चहाला बसले. मी आत पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. आईचा आवाज आला, "आवो, सांडताय कुठं? नीट धरा की." मग परत, वेगळ्या आवाजात, "आवो."

मी बाहेर आले. चहा त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली ओघळत होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते आईकडे बघून काहीतरी सांगत होते. शब्द नव्हता, नुसता आवाज. डावा हात मांडीवर उलटा पडला होता. आमच्याच गटाच्या पत्रकात चित्र होतं, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, वेळ घालवू नका. मी ते चित्र किती लोकांना बोट ठेवून दाखवलं होतं.

रिक्षा मिळाली. पुलाच्या कामामुळे रस्ता अडला होता. आमच्यापुढे आण्णांच्याच रूटची बस होती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी उतरून बसच्या दारावर हाताने बडवत होते, आणि आतला चालक हात पसरून दाखवत होता की पुढे जागा नाही. त्याचा दोष नव्हता. जागा नव्हतीच.

हॉस्पिटलमध्ये आण्णांना आत घेतलं. तरुण डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या. पट्टा लावला, आकडा बघितला आणि नर्सला मोठ्याने सांगितला. दोनशे दहा, एकशेवीस. मग आईकडे वळल्या.

"बीपी किती वर्षांपासून आहे?"

आई म्हणाली, "बीपी नाय त्यांना."

"गोळी कोणती चालू होती?"

"गोळी नाय, बाई. त्यांना काही नाय. दरवर्षी पास होतात ते. आत्ताच पास झालेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. आकडे सांगितले, वर्षं सांगितली, उसन्या गोळ्या सांगितल्या. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिने आळणी स्वयंपाक केला होता, बरण्या हलवल्या होत्या, खिसे धुतले होते, आणि तिला वाटत होतं की आपण नवऱ्याचं प्रेशर बरं केलं. ती बाकावर बसली आणि आण्णांचा शर्ट घडी घालत राहिली. उलगडायची, परत घालायची.

आण्णा वाचले. वाचले असं म्हणतात लोक, म्हणून मीही म्हणते. डावी बाजू गेली. बोलणं थोडं परत आलं, तुटक, मधेच भलताच शब्द. ठेकेदाराकडून कुणी आलं नाही. मी ऑफिसात गेले तर तेच सुपरवायझर. मेडिकलमध्ये ते पूर्ण तंदुरुस्त होते, म्हणाले, तुम्हीच बघा, आमच्याकडे नोंद आहे. खरंच होती. त्या नोंदीसाठीच तर आण्णांनी महिनाभर मीठ सोडलं होतं.

पत्रकं मी अजून लिहिते. दुसरं काही येत नाही. 'करा' आणि 'टाळा' लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते. मागच्या महिन्यात स्वारगेटला उभी होते तेव्हा दोन चालक माझ्यासमोर बोलत होते, या वर्षी मेडिकल लवकर लागणार, आळणी सुरू करायला पाहिजे. एकाच्या हातात बिटाच्या रसाची बाटली होती. मी त्यांच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ते माझ्याकडे वेडी असल्यासारखे बघत बसमध्ये चढले. त्यांची काय चूक? गोळी चालते अशी नोटीस अजून लागलेली नाही.

आता आमच्या घरात कायमचं मीठ कमी आहे. खिशात शेंगदाणे नाहीत, तंबाखू नाही, हॉर्न नाही. झोप भरपूर आहे. गोळी वेळेवर आहे. आई धरून त्यांना गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवते. माझ्या पत्रकात लिहिलेलं सगळं आता माझ्या घरात होतं, रोजच्या रोज, एक ओळ न चुकवता. ते व्हायला एवढं व्हावं लागलं.

रोज सकाळी मी पट्टा काढला की आण्णा सावरून बसतात. उजव्या हाताने डावा पाय उचलून जमिनीला नीट टेकवतात. उजवा हात उशीवर ठेवतात, मी काही सांगायच्या आत. मग डोळे मिटतात आणि एकदम शांत होतात. प्रेशर मोजताना माझे आण्णा जेवढे शांत बसतात तेवढं पुण्यात कुणी बसत नसेल. यंत्र घरघरतं, थांबतं.

आज एकशे चोवीस होतं. खाली अठ्ठ्याहत्तर.

"पास?" त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांना स्वच्छ येतो.

"पास, आण्णा."

चेहऱ्याची उजवी बाजू हसली. त्यांनी उजवा हात मांडीवर पुसला, दाराकडे बघितलं आणि रोज विचारतात तेच विचारलं.

"गाडी... कुठली?"

आई स्वयंपाकघरात होती. तिने नळ सोडला. मी पट्टा गुंडाळत राहिले.